रिकामी खोली आणि सरकणारी रांग

गेली दोन वर्षं रविवारी सकाळी मी लालबागमधल्या एका चाळीच्या हॉलमध्ये वीसेक मुलांना प्रोग्रामिंग शिकवतो. बहुतेक मुलं महापालिकेच्या मराठी शाळांतली आहेत आणि भायखळ्याकडून येणारी पाच-सहा उर्दू माध्यमाची. या मुलांसाठी मी ठोकळ्यांची एक छोटी भाषा तयार करतो आहे. ठोकळ्यांची भाषा म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. यात टाइप करायचं नसतं. ‘दहा पावलं पुढे जा’, ‘हे चार वेळा कर’ असे रंगीत तुकडे माउसने ओढून एकमेकांना जोडायचे की प्रोग्राम तयार. एमआयटीच्या मीडिया लॅबमधून २००७ साली आलेलं ‘स्क्रॅच’ हे यातलं सगळ्यांत गाजलेलं नाव. असे ठोकळे स्वतः घडवायचे असतील तर मुळात गूगलने घडवलेली ‘ब्लॉकली’ नावाची फुकट सामग्री आहे. माझं काम तिच्यावर चाललं आहे.

चालणं, वळणं, आवाज काढणं हे ठोकळे आठवड्याभरात झाले. ‘चल’, म्हणजे एका वेळी एकच वस्तू राहणारा डबा, तोही झाला. अडलो ते यादीपाशी. एका नावाखाली अनेक गोष्टी ओळीने ठेवायच्या, कितवी कुठे आहे ते विचारायचं, मध्येच घालायची, काढायची. प्रोग्रामर याला अ‍ॅरे म्हणतात, लिस्ट म्हणतात, आणि हे दोन शब्द बिनधास्त एकमेकांच्या जागी वापरतात. स्क्रॅचच्या सुरुवातीच्या आवृत्तीतही याद्या नव्हत्या, त्या नंतर आल्या. का, ते आता कळतं. डब्याला फारसं काही ठरवावं लागत नाही. यादी मात्र लगेच प्रश्न विचारू लागते.

पहिला प्रश्न तर मराठीनेच विचारला. इंग्रजी ठोकळ्यावर ‘आयटम’, मग आकड्यासाठी भोक, मग ‘ऑफ’ आणि यादीचं नाव, एवढ्यात भागतं. मराठीत? पहिला, दुसरा, तिसरा, चौथा, पाचवा. आकडा बदलला की शेपूट बदलतं. ठोकळ्यातलं भोक रिकामं असताना त्याच्यापुढे ‘वा’ छापून ठेवला तर मूल त्यात ३ घालणार आणि ‘३वा’ वाचणार. चौथीतली मुलगीसुद्धा त्यावर हसते, हसलीच. लिंगाचा घोळ वेगळा: पाचवा आंबा, पाचवी कैरी. शेवटी ‘यादीत क्रमांक ( ) वर जे आहे ते’ असं केलं. थोडं सरकारी वाटतं, पण चुकत नाही. क्रियापद मात्र शेवटी गेलंच पाहिजे होतं: ‘( ) हे यादीत घाल’. ब्लॉकलीत भोकांची जागा भाषेप्रमाणे हलवता येते ही मोठी मेहरबानी. नाहीतर ‘घाल ( ) यादीत’ असले नाटकी संवाद मुलांच्या तोंडी आले असते.

उर्दूच्या मुलांनी दुसरा प्रश्न आणला. यादी पडद्यावर आडवी दाखवायची तर पहिलं टोक कुठलं? त्यांची वही उजवीकडून उघडते. पण त्याच वहीत आकडे मात्र डावीकडून उजवीकडे लिहिले जातात. उर्दूतही ४७ मधला चार डावीकडेच असतो. एकाच ओळीत दोन दिशा. मुंबई महापालिका आठ माध्यमांतून शाळा चालवते, त्यातल्या सात माध्यमांना हा प्रश्न पडत नाही, एकाला पडतो. उपाय अगदी सोपा निघाला: यादी उभी काढायची. वरून खाली सगळेच वाचतात. स्क्रॅचमध्येही यादी उभीच दिसते, डाव्या बाजूला क्रमांक आणि खाली एकूण लांबी.

आता शून्याचा झगडा. प्रोग्रामरांच्या बहुतेक भाषा पहिल्या वस्तूला शून्य क्रमांक देतात. स्क्रॅच एकपासून मोजतं. ब्लॉकलीत तर हे ठरवायला एक बटणच आहे. शून्याच्या बाजूने सगळ्यांत नेटकी वकिली केली ती डच शास्त्रज्ञ डाइकस्ट्रा यांनी, ऑगस्ट १९८२ मधल्या एका हस्तलिखित टिपणात. (इथे अल-ख्वारिझ्मीचं नाव घेतलंच पाहिजे. मुसलमान माणसाने संगणकावर लेख लिहिला आणि त्यात अल-ख्वारिझ्मी आला नाही, असं घडू नये असा अलिखित नियम आहे. तर: नवव्या शतकातल्या बगदादचा हा माणूस हिंदुस्थानी अंकांनी हिशेब कसा करावा यावर पुस्तक लिहून गेला आणि लॅटिनमध्ये त्याच्या नावाचं ‘अल्गोरिदम’ झालं. नियम पाळला, पुढे जाऊ.)

डाइकस्ट्रांचा युक्तिवाद बारा वर्षांच्या मुलापुढे मांडण्यात अर्थ नाही. त्याऐवजी मी मुलांना बीडीडी चाळ दिली. इथल्या मुलांना ती तोंडपाठ असते. काहींची घरं पुनर्विकासात पाडली गेली आहेत तरी आजी-आजोबांच्या बोलण्यात ती आहेच. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, शिवडी आणि ना. म. जोशी मार्ग इथे बांधलेल्या या चाळी. तळमजला आणि वर तीन मजले, मजल्यावर वीस खोल्या, एका चाळीत ऐंशी. खोली १६० चौरस फुटांची. समजा खोल्यांना १ ते ८० असे सलग नंबर दिले. मग ४७ नंबरची खोली कितव्या मजल्यावर?

मुलं बोटं मोजतात. मी सांगतो, वीसने भागा. सत्तेचाळीस भागिले वीस, भाग दोन, उरले सात. दुसरा मजला, सातवी खोली. बरोबर! मग ४० नंबर विचारतो. भाग दोन, बाकी शून्य. दुसरा मजला, शून्यावी खोली? वर्ग गप्प. चाळीस नंबर तर पहिल्या मजल्यावरची शेवटची खोली. गंमत अशी की मजले आपण शून्यापासून मोजतो (तळमजला कुणी ‘पहिला’ म्हणत नाही) आणि खोल्या एकापासून. म्हणून आधी एक वजा करायचा, मग भागायचं, मग बाकीत एक मिळवायचा. खोल्याही शून्यापासून मोजल्या असत्या तर वजाबाकी-बेरजेची ही कसरत लागलीच नसती. ‘म्हणजे कम्प्युटरवाले बरोबर आहेत,’ एक मुलगा म्हणाला. ‘हो, पण दारावर शून्य नंबर कोण लावून घेईल?’ दुसऱ्याचं उत्तर. माझ्या भाषेत मी एकच ठेवला. हजेरी एकपासून, रेशनच्या रांगेतला नंबर एकपासून. शून्य मोठ्या भाषेत भेटेल तेव्हा मजला आठवेल, एवढं पुरे.

चाळीचं उदाहरण मला फार आवडतं, कारण संगणकाची स्मृती अक्षरशः तशीच असते: सारख्या मापाच्या नंबर टाकलेल्या खोल्या. खोलीच्या नंबराला ‘पत्ता’च म्हणतात. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली घडवलेला टिफ्रॅक हा संगणक १९६० मध्ये चालू झाला तेव्हा त्याच्या स्मृतीत २०४८ खोल्या होत्या, प्रत्येकीत चाळीस बिट. हिशेब केला तर बीडीडीच्या सव्वीस चाळीही त्यात पुऱ्या भरत नाहीत. मुलांना हे सांगितलं की ती स्वतःच्या मोबाइलकडे जरा आदराने बघतात.

पण चाळ आणि यादी एकच नव्हे, आणि माझं खरं डोकं खाल्लं ते याच फरकाने.

सार्वजनिक नळावर बादल्यांची रांग लागते. तिसरी बादली उचलली की मागच्या सगळ्या एकेक घर पुढे सरकतात. चौथी तिसरी होते. रिकामी जागा राहत नाही आणि मध्ये कुणी होतं याची खूणही राहत नाही. स्क्रॅचची यादी अशी आहे: क्रमांक ३ काढून टाका म्हटलं की खालचे वर येतात, लांबी एकाने कमी. चाळीत असं होत नाही. तेरा नंबरचं कुटुंब गावी निघून गेलं म्हणून चौदावाले तेरात राहायला जात नाहीत. दार बंद राहतं, नंबर राहतो. जुन्या भाषांतला अ‍ॅरे असा असतो: खोल्या आधी मोजून बांधलेल्या, माणूस येवो न येवो.

मुलांना एकच ‘यादी’ द्यायची तर यातली कुठली? या प्रश्नावर सगळ्यांत कामाचं बोलले ते आमचे अब्बा. त्यांनी आयुष्यात संगणकाला हात लावलेला नाही. डिलाइल रोडच्या बाजूला एका गिरणीत विणाई खात्यात ते आधी बदली होते, मग कायम साचेवाले झाले. बदली कामगार म्हणजे रोज गेटवर येऊन उभा राहणारा. कायम माणूस गैरहजर असेल तर त्या दिवशी त्याच्या जागी जाणारा. मी टेबलावर काड्यापेटीच्या काड्या मांडून त्यांना दोन्ही पद्धती दाखवत होतो. ते म्हणाले, ‘अरे, गेटावर रांग असते आणि आत साचे असतात. रांगेतला माणूस सरकतो. साचा सरकतो काय?’

इतकं सरळ होतं. गेटावरची रांग ही एक वस्तू, खात्यातले नंबर टाकलेले साचे ही दुसरी. बदली म्हणजे साच्याचा नंबर तोच, माणूस दुसरा. स्क्रॅचमधला ‘रिप्लेस’ नावाचा ठोकळा हेच करतो. माझ्या भाषेत आता दोन वेगळे ठोकळे आहेत. ‘रांग’ हिरवी: शेवटी उभा कर, पुढचा आत घे, कुणी निघाला तर बाकीचे सरकतात. ‘चाळ’ तपकिरी: किती खोल्या ते आधी सांगावं लागतं, खोली रिकामी करता येते पण मोडता येत नाही, आणि तिच्यात ‘( ) क्रमांकावर ( ) ची बदली कर’ असा ठोकळा आहे. दोन प्रकार दिले तर मुलं गोंधळतील, असं मला एका जाणकार मित्राने बजावलं होतं. गोंधळली नाहीत. लालबागच्या मुलाला रांग आणि चाळ यांतला फरक शिकवावा लागत नाही.

चाळीबाहेरचा नंबर विचारला तर? ऐंशी खोल्यांच्या चाळीत एक्क्याऐंशी. स्क्रॅच काही न बोलता कोरं उत्तर देतं; मूल भांबावू नये म्हणून. सी नावाच्या भाषेत परिस्थिती उलट: तिथे बहुधा शेजारच्या इमारतीचं दार उघडलं जातं आणि तिथे जे काही असेल ते आणून दिलं जातं. त्यातून केवढे घोटाळे झाले आहेत ते सुरक्षेच्या क्षेत्रातल्या लोकांना विचारा. मला दोन्ही नको होतं. कोरं उत्तर मुलाला वाटतं त्यापेक्षा वाईट, कारण रिकामी खोली आणि नसलेली खोली यांत फरक आहे. माझ्याकडे पडद्यावरचं मांजर थांबतं आणि म्हणतं, ‘अशी खोलीच नाही.’ मुलं मुद्दाम पाचशे नंबर विचारून त्याला बोलतं करतात.

हे ठोकळे पहिल्यांदा चालवले त्या रविवारी सातवीतली एक मुलगी रांगेतून नावं काढून बघत होती. तिने विचारलं, ‘सर, काढून टाकल्यावर तिथे आधी कोण होतं ते कसं कळणार?’ मी म्हटलं, कळत नाही. रांगेत तर कळत नाहीच, चाळीतही रिकामी खोली दिसते, कोणाची ते दिसत नाही. जपून ठेवायचं असेल तर काढण्याआधी वेगळ्या यादीत लिहून ठेवावं लागतं. ‘मग तसं आपोआप का नाही?’

१८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्यांतले अनेक परत आत गेलेच नाहीत. नंतर गिरण्याही बंद झाल्या, आणि मग ‘मी तिथे होतो’ हे ज्याचं त्याला सिद्ध करावं लागलं: पास, पगाराची पावती, फंडाचा नंबर, जे घरात उरलं असेल ते. अम्मीने अब्बांचा पास पेटीत चादरीखाली ठेवला होता म्हणून तो वाचला. मुलीला मी हे काही सांगितलं नाही. पण ‘मागचं दाखव’ असा ठोकळा करायला घेतला आहे; काढलेलं प्रत्येक नाव तो क्रमाने धरून ठेवतो. स्मृती जास्त खातो. खाऊ दे. टिफ्रॅकच्या दिवसांत परवडलं नसतं, आज परवडतं.

राहिला तो ठोकळा, ज्यासाठी मी हा लेख लिहायला बसलो. ‘यादीत ( ) आहे का?’ उत्तर: हो किंवा नाही.

दिसायला सगळ्यांत साधा. पण ‘आहे’ म्हणजे काय? स्क्रॅच इंग्रजीतली लहान-मोठी अक्षरं एकच मानतं. मुलांना त्यात अडकवायचं नाही असं करणाऱ्यांनी ठरवलं. आपल्याकडे लहान-मोठी अक्षरं नाहीत, पण पाटील-पाटिल आहे, दीक्षित-दिक्षित आहे. त्याहून छुपी भानगड म्हणजे, ‘दुसऱ्या’ हा शब्द संगणकात दोन तऱ्हांनी लिहिता येतो: एकात नुक्ता असलेला र वापरतात, दुसऱ्यात साधा र आणि एक अदृश्य जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही एकसारखेच दिसतात. यंत्राला विचाराल तर हे दोन वेगळे शब्द आहेत. मूल म्हणणार, मी तर तेच लिहिलं होतं. त्याचं खरं आहे. म्हणून तुलना करण्याआधी दोन्ही रूपं एका साच्यात आणणं हे भाषा घडवणाऱ्याचंच काम, आणि ते मी केलं.

नावांचं तेवढ्याने भागत नाही. अब्बांच्या नावात ‘महंमद’ आहे. गिरणीच्या पासवर महंमद, रेशनकार्डावर मोहम्मद, आणखी एका कागदावर मुहम्मद. रोमनमधलं आखूड रूप कुणीतरी यंत्रातून परत देवनागरीत आणलं तिथे ‘मोहद’. काही वर्षांपूर्वी एका कचेरीत आम्ही दोघं खिडकीपाशी उभे होतो. आतल्या माणसाने नाव टाइप केलं आणि पडदा आमच्याकडे वळवून म्हणाला, ‘चाचा, नाव नाही.’ वाईट नव्हता बोलायला, उलट दोनदा टाइप करून बघितलं त्याने. त्याच्या हातात जो ठोकळा दिला होता त्याला हो किंवा नाही एवढंच म्हणता येत होतं. अब्बा काही बोलले नाहीत. बाहेर येऊन चहा घेतला. हा प्रसंग आपल्याकडे कुणाच्या घरी घडला नसेल?

तर मी म्हटलं, जवळचं नाव शोधणारा ठोकळा करू. त्यासाठी लेव्हेनश्टाइन या रशियन गणितज्ञाने १९६५ मध्ये मांडलेली एक प्रसिद्ध मोजणी आहे: एका शब्दाचा दुसरा करायला किती अक्षरं घालावी, गाळावी किंवा बदलावी लागतात. जेवढी कमी तेवढे शब्द जवळचे. काना-मात्रा, अनुस्वार, हलन्त हे सगळं संगणकात वेगळं चिन्ह धरलं जातं. ‘महंमद’चं ‘मोहम्मद’ करायला तीन पायऱ्या लागतात. ‘महंमद’चं ‘अहमद’ करायला दोनच! म्हणजे यंत्राच्या मते अब्बा हे मोहम्मद असण्यापेक्षा अहमद असण्याची शक्यता जास्त. अहमद नावाचे आमचे एक मामा आहेत, त्यांना सांगितलं तर खूप हसले.

म्हणून नावांच्या बाबतीत ‘हो-नाही’ हे उत्तरच मी काढून टाकलं आहे. आकड्यांना ते शोभतं. नावांसाठीचा ठोकळा आता यादीच परत देतो: ‘( ) सारखी नावं’. त्यात अगदी तेच असेल तर वर, मग उच्चाराने जवळची, आणि निवडायचं काम समोर बसलेल्या माणसाचं. उच्चाराचे नियम मी हाताने लिहितोय: महंमद-मोहम्मद-मुहम्मद एक घर, शेख आणि शैख एक घर, सय्यद आणि सैयद एक, कुलकर्णी आणि कुळकर्णी एक. ही वही संपत नाही. दर रविवारी मुलं दोन-चार जोड्या आणून देतात, बहुतेक आपापल्या घरातल्या कागदांवरून.

सध्या मुलांचं काम चाललंय ते चाळीच्या गणेशोत्सव मंडळाच्या वर्गणीचं. प्रत्येक ओळीत नाव, खोली, रक्कम अशा तीन गोष्टी, म्हणजे यादीच्या पोटात यादी. स्क्रॅचमध्ये हे जमत नाही, त्याच्या याद्यांत याद्या ठेवता येत नाहीत. बर्कलीचं ‘स्नॅप’ आहे, ब्रायन हार्वी आणि येन्स म्योनिग यांचं, त्यात ठेवता येतात, आणि मी ती कल्पना तिथूनच उचलली. मुलांना आता रकमेप्रमाणे उतरता क्रम हवा आहे. मंडळाच्या काकांचं म्हणणं, रक्कम फळ्यावर दिसताच कामा नये, क्रम खोलीप्रमाणे लावा. क्रम लावायचा ठोकळा अजून झालेला नाही, त्यामुळे पुढच्या रविवारपर्यंत दोन्ही बाजूंना भांडायला वेळ आहे.